मागच्या उजव्या चाकाचा बोल्ट

आमचं घर उद्यमनगरच्या मागच्या बाजूला आहे. पुढे पप्पांचं लेथचं शॉप, मधे घर आणि मागे पत्र्याची शेड. ती शेड दादाची. तिथे तो गाड्या करायचा. ‘दुरुस्त करायचा’ म्हटलेलं त्याला आवडत नसे, कारण त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या बिघडलेल्या नसायच्या. चांगल्या चालणाऱ्या गाड्या आणखी जोरात पळाव्यात, वळणावर रस्त्याला चिकटून राहाव्यात म्हणून पोरं त्या घेऊन यायची.

मी इंग्रजी शाळेत शिकले. गल्लीतल्या मुली नगरपालिकेच्या शाळेत जायच्या, त्यामुळे गल्लीत मला मैत्रिणी नव्हत्या, आणि शाळेतल्या मैत्रिणी लांब, ताराबाई पार्कात राहायच्या. मराठीत बोलताना मी अजूनही वाक्य आधी मनात जुळवून घेते. तोपर्यंत समोरच्याचा विषय बदललेला असतो, मग मी गप्प बसते. शेडमध्ये मात्र माझं काम होतं. सुट्या भागांच्या खोक्यातून येणारे इंग्रजी कागद मी दादाला वाचून दाखवायची आणि तो गाडीखाली असला की उजेडासाठी बॅटरी धरायची. बॅटरी धरणाऱ्या माणसाने बोलावं अशी कुणाची अपेक्षा नसते.

दादाचा एक मित्र होता, डिप्लोमाला त्याच्याबरोबर असलेला. कागलच्या अलीकडे आडवाटेला त्याचं गाव. घरी ऊस आणि दहा-बारा म्हशी. त्याने पुण्याहून एक जुनी गडद निळी सेडान आणली होती, टर्बो इंजिनची. दुधाचे पैसे त्या गाडीत जातात म्हणून त्याचे वडील रोज बोलायचे आणि तो रोज ऐकून घ्यायचा. गावात त्याची ख्याती अशी की धूळ आधी दिसते आणि हा मागून येतो. त्याची आई मात्र त्या गाडीत हौसेने बसायची. अंबाबाईच्या दर्शनाला आली की परतताना आमच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकायची.

“ही गाडी हाय का मळणी यंत्र?” ती दादाला विचारायची. “बसलं की पोटातलं पाणी हालतंय.”

“काकू, शॉकप कडक केलेत. वळणाला गाडी झुकू नये म्हणून.”

“मी कुठं वळणाला बसतीया? मी मागच्या सीटवर बसतीया.”

मग माझ्याकडे बघून म्हणायची, “हिला देवानं तोंड दिलंय का न्हाई? बोल की गं. इंग्रजीत बोल, मला न्हाई कळलं तरी चालंल.” मी हसायची. तिला तेवढं पुरायचं. माझ्याशी बोलणाऱ्या मोठ्या माणसांपैकी उत्तर न मिळाल्याने न रागावणारी ती एकटीच होती.

गाडीची उंची कमी करून ती खाली बसवल्यामुळे एक अडचण झाली होती. मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकली होती. टायर आतल्या कडेने झिजून जात होते आणि खड्ड्यातून गेलं की गाडीचा मागचा भाग उडी मारल्यासारखा बाजूला सरकायचा. चाकाला गाडीच्या पोटाशी जोडणारे जे लोखंडी दांडे असतात, त्यांना आर्म म्हणतात. मागचे खालचे दोन्ही आर्म काढून कमी-जास्त करता येणारे नवे बसवायचे, सांध्यांतल्या जुन्या रबरी बुशाही बदलायच्या, असं ठरलं. आर्म बाहेरून मागवले होते. ते नवरात्रात आले.

खोक्यातल्या कागदावर एक गोष्ट ठळक अक्षरांत होती. मी ती दादाला दोनदा वाचून दाखवली. आर्मचे बोल्ट गाडी उचललेली असताना पूर्ण आवळायचे नाहीत. आधी बेताने आवळायचे, मग गाडी चाकांवर उभी करायची, तिचं वजन खाली बसू द्यायचं, आणि मगच शेवटचं आवळायचं. नाहीतर बुशातलं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दादाला हे माहीत होतं. तरीही त्याने मान डोलावून ऐकलं. तो कामात नेहमी तसा होता, घाई न करणारा.

खंडेनवमीच्या सकाळी तो लवकर गाडीखाली शिरला. दुपारच्या आत दोन्ही बाजू लावून, गाडी खाली घेऊन, शेवटचं आवळून टाकायचं असा त्याचा बेत होता. डावी बाजू झाली. आईने मला रांगोळीला हाक मारली म्हणून मी बॅटरी गाडीखाली ठेवून घरात गेले.

आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे मोठा सण. लेथ धुवून पुसून त्याच्यावर झेंडूची माळ चढते. हातोडे, कानस, ड्रिल, मायक्रोमीटर, पाने सगळं धुतलेल्या पोत्यावर मांडतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. त्यानंतर दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी सोनं वाहून होईपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. पप्पांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर नाही. मी जन्मायच्या आधी एका खंडेनवमीला अर्जंट काम म्हणून त्यांनी पूजेनंतर लेथ चालू केलं होतं. त्या दिवशी ते पेर गेलं. त्यामुळे आमच्या घरात हा नियम कुणी समजावून सांगत नाही. ते बोट बघितलं की कळतो.

त्या वर्षी भटजी लवकर आले. पप्पांनी शेडच्या दारातून हाक मारली, “सगळे पाने बाहेर आण. एकबी आत ऱ्हायला नको.”

“पप्पा, थोडं राहिलंय.”

“ऱ्हाऊ दे. भटजीला अजून चार शॉपं हायती.”

दादा गाडीखालून बाहेर आला आणि पाने घेऊन गेला. पूजा झाली, जेवणं झाली. गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवलेली होती, चाकं काढून ठेवलेली. ती दसऱ्यानंतरपर्यंत तशीच राहणार असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

जेवून हात धुतोय तोवर मित्र दारात आला. गावातल्या कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला होता आणि त्याला सोडून ती निघूनही गेली होती.

“गाडी दे,” तो म्हणाला.

“काम अर्धं हाय लेका.”

“मग अर्धीच दे. परवा अर्धं कर की. आरं, वरसाचा सण, गाडीची पूजा आमच्या दारात नको व्हय? आई सकाळपासनं नारळ घिऊन बसलीया. ट्रॅक्टर झाला, दुधाची मोटारसायकल झाली, म्हशीच्या शिंगास्नीबी रंग लावून झाला. गाडी न्हाई म्हणून माऊली जेवंना.”

दादा पप्पांकडे बघत होता. पप्पा म्हणाले, “गाडी नेऊ दे की. पर पान्याला हात लावायचा न्हाई.”

“लावू नका की काका,” मित्र हसून म्हणाला. “चालती तर हाय न्हवं?”

गाडीच्या डिकीत तिचा स्वतःचा जॅक आणि चाकाचा पाना होता. ते पोत्यावरच्या पूजेत नव्हते, त्यामुळे पप्पा काही बोलले नाहीत. दोघांनी तेवढ्यावरच चाकं चढवली आणि गाडी खाली घेतली. दादाने मागचं एकेक चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं. मग म्हणाला, “शेवटचं आवळायचं आणि चाकांचं अलाइनमेंट राहिलंय. पळवू नको. घरापर्यंत हळू ने, पूजा कर, परवा सकाळी घिऊन ये.”

“बैलगाडीगत नेतो,” मित्र म्हणाला.

आणि त्याने खरोखर तशीच नेली. मी फाटकात उभी होते. एरवी कोपऱ्यावर टायर वाजवत जाणारा तो माणूस त्या दिवशी सायकलवाल्याच्या मागून गेला.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्याच्या आईला शेजारच्या गावात बहिणीकडे सोनं द्यायला जायचं होतं. कोस-दीड कोसाचं अंतर. तो तिला गाडीतून घेऊन निघाला. वाटेत ओढ्यावर एक अरुंद पूल आहे, कठड्याऐवजी नुसते दगड असलेला. पुलावर गाडीचा मागचा भाग अचानक फिरला आणि गाडी उलटी होऊन ओढ्यात पडली. पाणी फार नव्हतं, खडक होता. ती मागच्या सीटवर उजवीकडे बसली होती. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती. मित्राचा पाय मांडीपासून मोडला.

फोन आला तेव्हा आमच्या घरी शेजारचे लोक सोनं द्यायला आले होते. दादाच्या हातात आपट्याची पानं होती. त्याने फोन ठेवला, आईला दोन शब्दांत सांगितलं, पानं टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून गेला. आम्हा बाकीच्यांना सांगायचं काम आईलाच करावं लागलं.

पुढच्या दिवसांत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. मातीला गेलेल्यांनी सांगितली, भेटायला आलेल्यांनी सांगितली, दूधवाल्यानेही सांगितली. पोरगं गाडी जोरात चालवत होतं. आईला घेऊनसुद्धा जोरातच. मित्र दवाखान्यातल्या कॉटवरून प्रत्येकाला म्हणायचा, “मी हळू चालवत हुतो.” लोक मान हलवायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, “ह्यो आणि हळू?” त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. आईला मारून आला, एवढंच ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, आणि त्यानंतर त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडी पोलिस ठाण्याच्या मागच्या मोकळ्या जागेत आणून टाकली होती. दादा मला म्हणाला, “बारके, चल माझ्याबरोबर.” का, ते मी विचारलं नाही. गाडी एका कुशीवर पडलेली होती, त्यामुळे खाली शिरायची गरजच नव्हती, तिचं सगळं पोट समोर होतं. डाव्या बाजूचा आर्म वाकला होता, पण जागेवर होता. उजवा एका टोकाने सुटून लोंबत होता. जिथे त्याचा बोल्ट असायला हवा तिथे भोक होतं. तुटलेलं काही नव्हतं. भोकाच्या कडा जशाच्या तशा, नवा रंगही न उडालेला. बोल्ट मोडला असता तर अर्धा आत राहिला असता. तो सरकत बाहेर आला होता, म्हणजे आधी नट फिरत फिरत पडला होता.

दादा बराच वेळ त्या भोकात बोट घालून उभा होता. मग तिथेच मातीत बसला.

“उजवा नट मी हातानंच लावलेला,” तो म्हणाला. “पाना लावणारच होतो, तेवढ्यात पप्पांनी हाक मारली. दुपारी वाटलं, दोन्ही बेतानं आवळलेत.”

मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

घरी त्याने पप्पांना सांगितलं. पप्पा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“मी तुला हाक मारली नसती तर,” असं काहीतरी ते म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “आता सांगून ती बाई परत येणार हाय का?”

“तो तिकडं मरायला लागलाय पप्पा. बाप बोलत नाही त्याच्याशी.”

“बाप हाय. वरीस-सहा म्हैन्यात बोलंल. तू सांगितलंस तर तुझी शेड बंद, आणि उद्या केस झाली तर तू आत.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि कुणी कुणाला काम अर्धं टाकायला लावलं, तेबी निघंल.”

ते अर्धं वाक्यच त्यांचं कबूल करणं होतं. त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही. पप्पा दिवसभर लेथवर असायचे. दादाने शेडला कुलूप लावलं नाही, पण आत काम घेतलं नाही. येणाऱ्या पोरांना तो ‘नंतर’ म्हणायचा.

मित्र घरी आल्यावर दादा दर रविवारी त्याच्याकडे जायचा. जाताना त्याचा चेहरा ठरवलेला असायचा आणि येताना पडलेला. मी विचारायची नाही. तो स्वतःच म्हणायचा, “आज पण नाही जमलं.” एका रविवारी म्हणाला, “तू चल. तू असलीस की मी बोलतो.”

त्यांच्या घरी पुढच्या सोप्यात कॉट टाकलेली होती. मित्र त्यावर उशाला टेकून बसला होता, पाय लोखंडी कांबींत अडकवलेला. तो खूप वाळला होता. मागच्या बाजूला गोठा होता, तिथून म्हशींच्या साखळ्यांचा आवाज येत होता. भिंतीवर त्याच्या आईचा फोटो लावला होता, कॉटवरून थेट दिसेल असा. मुद्दाम तिथे लावला होता की भिंतीला तिथेच खिळा होता म्हणून, मला कळलं नाही.

त्याचे वडील धार काढून आत आले. दादाला बघून म्हणाले, “ये लेका, बस. तुझी बहीण व्हय ही? बस बाळ.” मुलाकडे त्यांनी बघितलं नाही. शेजारच्या एका बाईने चहा आणला. वडिलांनी दोन कप आम्हाला दिले, एक स्वतः घेतला. चौथा कप ट्रेमध्येच राहिला. मित्राने हात पुढे केला नाही. त्याला सवय झाली होती असं दिसलं.

“डॉक्टर काय म्हणतात?” दादाने विचारलं.

उत्तर वडिलांनी दिलं, पण हवेला दिल्यासारखं. “पाय बसंल म्हणत्यात. पायाचं काय, बसतोयच. पळवायला गाड्या मिळत्यात की परत. आई एकच असती.”

मित्र फोटोकडे बघत म्हणाला, “मी हळू चालवत हुतो, आप्पा.”

वडिलांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी दादाकडे बघितलं. त्याने कप दोन्ही हातांनी धरला होता आणि ओठ हलवत होता, आवाज येत नव्हता. तो कपातल्या सायीकडे बघत राहिला. मला कळलं की आजही जमणार नाही, आणि पुढच्या रविवारीही नाही.

माझ्याकडे वाक्य तयार होतं. गाडी बघून आल्यापासून मी ते मनात जुळवत होते, बोलायचं म्हणून नव्हे, नुसतं सवयीने. ते माझ्या तोंडून पुस्तकातल्यासारखं बाहेर आलं.

“काका, तो हळूच चालवत होता. मागच्या उजव्या चाकाचा एक बोल्ट आवळायचा राहिला होता. तो निघाला म्हणून गाडी फिरली. त्याची चूक नव्हती.”

वडिलांनी कप खाली ठेवला. “कुणी आवळायचा हुता?”

“मी,” दादा म्हणाला. आता त्याचा आवाज आला. “माझ्याकडून राहिला.”

“ऱ्हायला म्हंजे?”

इथे तो पूजेचं सांगू शकला असता. पप्पांनी पाने मागितले, तुम्हीच गाडी न्यायची घाई केलीत, असंही म्हणू शकला असता, आणि ते खरं होतं. तो म्हणाला, “विसरलो.” एवढंच. मी पुढे काही जोडलं नाही. त्याने जेवढं स्वतःकडे घेतलं होतं त्यातलं मी कमी करणं त्याला नको असणार.

वडील उठले. मला वाटलं आता मारतील. ते कॉटपाशी गेले आणि उभे राहिले. कितीतरी दिवसांनी ते मुलाकडे बघत होते, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. ती जड झाल्यासारखी वळली.

“किती हळू चालवत हुतास?”

“सायकलीगत,” मित्र म्हणाला. “आई म्हणाली बी, आज झोप लागंल मला.” आणि तो रडायला लागला. तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तसा. वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. कॉटची लोखंडी कड धरली आणि ती धरून खाली वाकत गेले, जमिनीवर बसेपर्यंत.

आम्ही दोघं उभे होतो. कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी ट्रेमधल्या त्या चौथ्या कपाकडे बघत होते. वडील न वळता म्हणाले, “पावणं, निघा आता.”

दादाला ते एवढी वर्षं लेका म्हणत आले होते. तो दारापर्यंत गेला आणि मित्राकडे वळला. मित्र त्याच्याकडे बघतच होता. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो एखाद्या अनोळखी माणसाला ओळखायचा प्रयत्न करावा तसा बघत होता.

केस झाली नाही. त्यांनी केली नाही. का केली नाही, ते कुणी आम्हाला सांगितलं नाही, आणि विचारायला जायची वाट उरली नव्हती. मित्राने दादाचा फोन पुन्हा उचलला नाही. दादाने शेड रिकामी केली आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्टवर लागला. तिथे त्याला कुठल्याही गाडीला हात लावावा लागत नाही. तो तपासणी विभागात आहे, दुसऱ्यांनी केलेली कामं बघतो. पप्पा आणि तो एका टेबलावर जेवतात. बोलतात पावसाबद्दल, लाईट गेली त्याबद्दल. मी सांगितलं यावरून मला कुणी काही म्हणालं नाही. पप्पा फक्त माझ्यासमोर फोनवर बोलायचे थांबले.

गेल्या महिन्यात मी लक्ष्मीपुरीच्या बाजारात काही आणायला गेले होते. पशुखाद्याच्या दुकानासमोर एक टेम्पो उभा होता. मित्र त्यातून उतरत होता, काखेत कुबडी धरून, एक पाय आखूड पडलेला. त्याच्या वडिलांनी खालून त्याला दंडाला धरलं होतं. वडील काहीतरी बोलत होते, रागावूनच, कुबडी नीट टेकत नाहीस असं काहीतरी. तोही त्यांना तसंच उलट बोलत होता. मी एका खांबाच्या आड सरकले. त्यांनी मला बघितलं का, माहीत नाही.

संध्याकाळी दादा शिफ्टवरून आला. मी त्याला ताट वाढलं आणि ते दोघं दिसल्याचं सांगितलं. त्याने पायाचं विचारलं नाही.

“बोलत होते का?”

“हो,” मी म्हटलं. “भांडत होते.”

त्याने भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून बसला. मग त्याने मला तेच पुन्हा सांगायला लावलं, कोण आधी बोललं, काय बोललं. जेवढं ऐकू आलं होतं, तेवढं मी सांगितलं.